खाडीचं वरचं वळण

कॅरी, ६ मार्च २०२५

चि. नीलांबरी हिस राजारामकाकाचा आशीर्वाद.

इकडे अमेरिकेत सगळे मजेत. सावनीचे दिवस भरत आलेत, डॉक्टरांनी वीस तारखेच्या आसपासचं सांगितलंय. म्हणजे तुमच्या नव्या जेटीच्या जनसुनावणीला मी काही येत नाही.

घरामागे तळं आहे, त्याला लागून दलदल, आणि तुला सांगतो, तिथे पाणमांजर आहे! आपल्याकडच्या छोट्या नखांच्या पाणमांजराच्या दुप्पट तरी असेल. या राज्याच्या डोंगराळ भागातून ती पार नाहीशी झाली होती, मग पूर्वेकडून आणून पुन्हा सोडली म्हणे. मला विष्ठा सापडली. जुनी खोड, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली. जावयाने डबा उघडून वास घेतला नि विचारलं, "बाबा, सुक्या जवळ्याचा मसाला आणलाय का?" सावनी किंचाळलीच, "बाबा, आर यू सीरियस? मी प्रेग्नंट आहे आणि तुम्ही फ्रिजमध्ये शी ठेवलीत?"

हे सगळं लिहीत बसलोय, कारण मुद्द्याचं लिहायचा धीर होत नाही.

शनिवारी तुझा मेसेज आला. "काका, खालच्या तिवरांतली बिळं वाचली. जेटी वरच्या वळणावर हलवा, असं मीच लिहून दिलं. तुमच्या पाणमांजरांच्या वहीत बावीस वर्षांत तिथली एकही नोंद नाही." त्यावर मी तुला अंगठा पाठवला. सत्तरीचा माणूस मी, अंगठा पाठवून पाच दिवस गप्प बसलो.

नीलू, वरच्या वळणावर पाणमांजरं आहेत. पहिल्यापासून आहेत. दर हिवाळ्यात मी होडी घेऊन तिकडे जायचो, डोळे भरून बघायचो आणि वहीत काही न लिहिता परत यायचो. तू यायला निघालीस की, "तिकडे चिखल फार, नको येऊस," म्हणायचो.

पहिल्या वर्षी लिहिलं होतं, जागेसकट. ते कुणीतरी वाचलं. जाळी फाडतात म्हणून लोकांचा राग होताच. आठ दिवसांनी गेलो तर कुणीतरी बिळात धूर कोंडलेला. आत दोन पिल्लं होती. मी ती हाताने बाहेर काढली आणि तिथेच पुरली. घरी येऊन ते पान फाडून टाकलं. माणसांना कळलंच नाही तर ती जगतील, एवढंच मला समजत होतं. आणि जगली गं ती. पण आता माझ्याच कोऱ्या पानांच्या भरवशावर तिथे जेटीचे खांब उभे राहतील.

माझा तुझ्यावर विश्वास नव्हता, असं मनात आणू नकोस. मी घाबरट होतो. तू माझी वही पुढे करून भांडायचीस तेव्हा मला अभिमान वाटायचा, आणि लाजही.

आता नीट वाच. भरतीला बुडणारा काळा खडक ओलांडून डावीकडचा तिसरा ओहळ धर. त्याच्या तोंडाशी मोठं तिवर आहे, बीळ त्याच्या मुळांखाली. ओहोटीला जा. खेकड्यांच्या कवचांनी भरलेली विष्ठा दिसेल, तिचे फोटो काढ. डिसेंबरात तिथे पाच होती, त्यातली तीन यंदाची पिल्लं. सुनावणी एकवीसला आहे, म्हणजे दोन आठवडे तुझ्या हातात आहेत.

लोक म्हणतील, ही बाई आज एक लिहून देते, उद्या दुसरंच सांगते. म्हणून हे पत्र तिथे सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, एकही ओळ गाळू नकोस. गावात "राजारामच्या वहीत आहे" म्हटलं की वाद मिटतो. ते आता संपेल. लिहिताना रडू आलं, तुझ्यापासून कशाला लपवू? पण त्या पिल्लांपुढे माझ्या नावाचं काय मोठं?

सावनी याचा फोटो आजच पाठवते, मूळ कागद टपालाने येईल.

एरवी तुला लिहिताना खाली नुसतं 'काका' लिहितो. आज सुनावणीत लागेल म्हणून पूर्ण सही केली आहे.

राजाराम सखाराम परब
निवृत्त वनरक्षक