कॉफी सांडलेलं चित्र

न्यूयॉर्क, १९९४

प्रिय मिसेस डोनेली,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचलंत तरी डोरीन कोण, हे तुम्हाला आठवायचं नाही.

तीस वर्षांपूर्वी तुमच्या छापखान्यात माझ्या हातून आइस्क्रीमच्या पॉप आर्ट चित्रावर कॉफी सांडली. चित्रकार भडकला, "कुणाचा हा उद्योग? हाकलून द्या!"

"माझाच," तुम्ही म्हणालात. "आता सही कर आणि देऊन टाक या पोरीला."

त्यानं हसून सही केली. माझी नोकरी वाचली आणि चित्रं जमवायचा नादही लागला. आज घरात सह्यांची चाळीस चित्रं आहेत.

काल ते पहिलं चित्र घेऊन तुमच्या वृद्धाश्रमात आले. तुम्ही विचारलंत, "कुणा वेंधळीनं सांडली गं कॉफी?"

"मीच," मी पहिल्यांदाच कबूल केलं.

माझा हात थोपटत तुम्ही म्हणालात, "होतं गं असं. रडू नकोस."

तुमची ऋणी,
डोरीन