खालचा मजला

१६ नोव्हेंबर

घेतलं! नोटरीबाईंच्या कचेरीत घराच्या खरेदीखतावर सही केली. बावन्न वर्षांची झाले, माँट्रियलभर शाळेची बस चालवून कंबर गेली, आणि आज पहिल्यांदा स्वतःच्या भिंती. दोन मजले – वर मी, खाली आई.

पण खाली आर्सेनो म्हातारा आहे. एक्याऐंशी वर्षांचा, एकतीस वर्षं त्याच जागेत भाड्याने. विकणारा म्हणाला होता, "तो काय हो, एक जुलैला करार संपला की जाईल सगळ्यांसारखा." नोटरीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सोलांजबाई, भिंती घेतल्यात त्या त्याच्या भाडेकरारासकट. मालक बदलला म्हणून माणूस हलत नाही."

माझं तोंड एवढंसं झालं असणार. मग म्हणाल्या, "आईंसाठी जागा मागता येईल. एरवी एवढ्या जुन्या, म्हाताऱ्या भाडेकरूला हात लावता येत नाही. पण तुमच्या आईही अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, म्हणून कायदा परवानगी देतो. नोटीस डिसेंबर संपायच्या आत द्या. आणि तो काय उत्तर देतो ते मला कळवा."

२३ नोव्हेंबर

आईकडे गेले. तिसरा मजला, बाहेरून वळत जाणारा लोखंडी जिना, आणि त्याच्यावर आत्ताच बर्फ. मलाच कठड्याला लोंबकळत चढावं लागलं. ती सप्टेंबरपासून खाली उतरलेली नाही. गुडघेच साथ देत नाहीत. "चर्चची घंटा ऐकते गं, तेवढीच माझी प्रार्थना."

म्हटलं, आई, जुलैत तुला जमिनीवर आणते. तर म्हणते, "जमिनीवर की जमिनीखाली?" आणि खो खो हसली. काय ही बाई!

३ डिसेंबर

नोटीस नेऊन दिली. बरोबर वाटाण्याचं सूप नेलं – असलं पत्र रिकाम्या हाताने कसं द्यायचं? म्हाताऱ्याने दोन्ही घेतलं. "मालकीणबाई, आजवरच्या मालकांत दार वाजवून आत येणाऱ्या तुम्ही पहिल्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. उत्तराला महिना आहे म्हटलं आणि पळाले.

४ जानेवारी

उत्तर नाही. म्हणजे कबूल! तीस वर्षं भाडेकरू होते, मला नका शिकवू. दर हिवाळ्यात भाडेवाढीचं पत्र यायचं. गप्प बसलं की मान्य आहे असं धरायचे. मौन म्हणजे संमती. नोटरीबाईंना उगाच कशाला फोन करू?

१९ फेब्रुवारी

आईच्या घरमालकाला कळवून टाकलं, जुलैपासून जागा सोडतोय म्हणून. तिच्यासाठी पडद्याचं कापडही घेतलं, निळं. खालच्या खिडकीतून तिला रस्त्यावरच्या माणसांची तोंडं दिसतील. इतकी वर्षं नुसत्या टोप्याच बघतेय.

९ मार्च

गाढव! गाढव मी!

नोटरीबाईंचा आपणहून फोन. "काय उत्तर दिलं त्यांनी?" म्हटलं, काही नाही, म्हणजे कबूलच की. पलीकडून ओरडल्याच.

"अहो बाई, भाडेवाढीला गप्प बसलं तर होकार. पण राहती जागा परत मागितली आणि भाडेकरू गप्प बसला, तर तो नकार! त्यानंतर महिन्याच्या आत घरभाड्याच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. ती मुदत गेली. आता तो पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत राहणार, आणि तो त्याचा हक्क आहे. आणि हे बघा – त्याच्यावर दबाव आणू नका."

आईला काय सांगू? अजून एक हिवाळा त्या जिन्यावर!

१० मार्च

तरी खाली गेलेच. दबाव नाही, नुसतं विचारायला. एक शब्द का नाही लिहिलात?

त्याने घड्याळामागून माझं पत्र काढलं. होकाराची चौकट, नकाराची चौकट, दोन्ही कोऱ्या. "नाही लिहायला जावं तर तुमच्या आईंचे गुडघे आड येतात. हो लिहायला जावं तर ही खोली. माझी बायको जेर्मेन गेली ती इथेच, या खिडकीपाशी. मग म्हटलं, राहू दे."

म्हटलं, तुम्ही वर राहायला या, आम्ही मायलेकी खाली येतो. छातीवर हात ठेवून म्हणाला, "या हृदयाने वर चढेन एकदा. पण उतरवायला चार माणसं बोलवावी लागतील." दोघंही हसलो.

आले तशी परत आले. धड रागही येईना.

२ एप्रिल

आईच्या घरमालकाने अजून एक वर्ष द्यायचं कबूल केलं. आई म्हणते, "थांबायची मला सवय आहे गं." हे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

२१ एप्रिल

आई पडली.

काल ईस्टर. चर्चला जायचं म्हणून एकटीच निघाली. मी दहाला येणार होते – तिला तेवढाही धीर नव्हता. अर्ध्या जिन्यावरून. खुबा मोडलाय.

कपडे घ्यायला घरी आले तर म्हातारा दारात. काय झालं म्हणून विचारत होता. मी रस्त्यात उभी राहून ओरडले, "पडली ती! तुमच्या एका शब्दापायी!" टोपी हातात धरून तसाच उभा राहिला. मी दार आपटलं.

२९ एप्रिल

ऑपरेशन झालं. आता छातीत कफ. डॉक्टर नजरेला नजर देत नाहीत.

८ मे

आई गेली. दुपारी, मी तिचा हात चोळत असताना. सकाळी विचारत होती, पडदे शिवून झाले का. मी झाले म्हटलं. झाले नव्हते.

१३ मे

काल, बारा तारखेला, तिला पुरलं. इथेच, तिच्या घरी राहतेय. बशा कागदात गुंडाळतेय, एकेक. चार दिवसांचं काम आहे, पण उरकवत नाही.

म्हाताऱ्याला कळवायला हवं होतं का? कशाला! त्याने मला काही कळवलं होतं? बसू दे त्याला त्याच्या खिडकीपाशी.

चूक माझी आहे, मला काय कळत नाही? एक फोन करायला हवा होता मी, जानेवारीत. पण सगळा दोष एकटीने नाही गं उचलवत, आई.

२५ मे

आज घरी आले. खालचं दार नुसतं लोटलेलं. घर झाडून-पुसून रिकामं. न्हाणीघराच्या भिंतीत नवा दांडा ठोकलाय, हात धरायला. ओट्यावर किल्ली आणि माझं डिसेंबरचं पत्र. होकाराच्या चौकटीत फुली.

खाली थरथरत्या अक्षरात: "मालकीणबाई, आईंना इस्पितळातून थेट इथेच आणा. मी भाचीकडे चाललो. तिच्याकडे दोन जिने आहेत, पण मला आता कुठे बाहेर पडायचंय?"

तारीख बारा मे.