रविवारी मंगीला आणतो

प्रिय उषा,

डॉक्टरांनी शामला सांगितलं, तुझ्या थुंकीत आता टीबीचं काही निघत नाही, पोरीला भेटवायला हरकत नाही. म्हणून येत्या रविवारी आम्ही तुझ्या मंगीला घेऊन राऊच्या दवाखान्यात येतो. लांबलचक पत्र मला येत नाही, चौथीतनं शाळा सुटली माझी. पण हे शामला लिहायला सांगण्यासारखं नाही, सासूनंच सुनेला लिहायचं आहे.

तुला दवाखान्यात नेलं तेव्हा मंगी दोन-चार शब्द बोलायची. मग एकदम गप्प झाली. दाराकडे तोंड करून बसायची. भाकरी दिली तर खायची, नाही दिली तर मागायची नाही. मी म्हटलं, पोरगी शहाणी आहे, त्रास देत नाही. शाम पोलोग्राउंडला कारखाना सुटला की पिऊनच घरी यायचा आणि तिनं दूध सांडलं की हात उचलायचा. तुला कळवलं नाही. आजारी माणसाला कळवून काय होणार होतं.

मग नगरपालिकेच्या नर्सनं आमचं नाव दिलं आणि कॉलेजातली सुलोचना घरी यायला लागली. पलासियाहून सायकलवर, खांद्याला झोळी. अडचणीतल्या घरांत आईबापांना पोरांशी कसं वागायचं ते शिकवलं तर पोरं सुधारतात का, याचा म्हणे अभ्यास. भोपाळ राजधानी झाल्यापासनं रोज नवी टूम. माझा दिमागच फिरला. म्हटलं, बाई, तुझं लग्न तरी झालंय का? म्हणाली, नाही. म्हटलं, मग बस, चाय पी, पोरं वाढवायचं मीच तुला शिकवते. हसली, चाय प्याली, पुढच्या आठवड्यात परत हजर. अर्ध्या घरांत ह्या बाया शिकवायला जातात, अर्ध्यांत पोरांचं नुसतं वजन करतात, मग दोन्हीकडची पोरं ताडून बघतात. समोरच्या हरीची पोरं वजनवाली. मी विचारलं, त्यांनी काय पाप केलं?

शामला तिनं जमिनीवर बसवलं. म्हणाली, खेळणी आणू नका, घरातल्या वाट्या-डबे घ्या, पोरगी काय करते ते नुसतं बोलत राहा. कारखान्यात एवढं खरादाचं यंत्र चालवणारा माणूस, आणि मंगीनं वाटी पालथी घातली, मंगीनं झाकण लावलं, असं म्हणत बसलेला. मला हसू आवरेना. पण त्यासाठी तो संध्याकाळी सीधा घरी यायला लागला. पिणं सुटलं असं म्हणत नाही, कमी झालं. हात उचलणं बंद झालं. परवा रात्री तिला खांद्यावर घेऊन सराफ्यात खायला गेला, गराडूच्या तळलेल्या फोडींवरचा मसाला झटकून झटकून तिला भरवल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मंगी बोलायला लागली. एक दिवस सुलोचना दारात आली, तर पोरगी धावत गेली, तिच्या पायांना मिठी मारली आणि म्हणाली, आई. सुलोचनाचं तोंड पांढरं पडलं. आई दवाखान्यात आहे, मी सुलूताई, असं ती दर वेळी सांगते. मंगी ऐकून घेते आणि परत आईच म्हणते. तुमचा लग्नातला फोटो दाखवला. शामवर बोट ठेवून बाबा म्हणाली. तुझ्यावरनं बोट तसंच पुढे गेलं. रविवारी सुलोचना आमच्याबरोबर येईल. मीच म्हटलं ये, कारण ती नसली तर मंगी नव्या माणसाजवळ जात नाही. नवं माणूस लिहिलं ते खोडत नाही, आज तिच्या लेखी तू नवं माणूसच आहेस. तुझ्यासमोर ती दुसरीला आई म्हणेल. सुलोचनावर राग धरू नकोस. हात पसरून पोरीला ओढू नकोस. बाकावर बसून राहा, शेजारी दोन वाट्या ठेव. ती खेळायला लागली की काय करते ते हळूच बोल, शाम बोलतो तसं. वेळ लागेल. आणि रडायचं असेल ते हे पत्र वाचून आजच रडून घे, रविवारी नको.

तुझीच,
आत्याबाई