टीव्हीवरचं चौथं नाव

आई,

मी काल्हेरला गोडाऊनवर ड्युटीला चाललोय. टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर शेवटी पिक्चर बघायचं जेलीफिन ॲप टाकलं. आधीचं कोडी ॲपपण बरं होतं, पण ह्यात प्रत्येकाचं खातं वेगळं. तुझा अर्धा राहिलेला पिक्चर आता बाबा पुढे ढकलणार नाहीत. चालू केलंस की नावं दिसतील, तुझ्या नावावर ओके दाब. झाडताना मागची वायर ओढू नको.

हेमालीताईनं पळून लग्न केल्यापासून बाबांसमोर तिचं नाव काढायची सोय नाही, म्हणून काल मी आपल्या तिघांचीच नावं टाकली. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "चौथं कुटं हाय?"

टाकलंय. ताईला फोन तू कर. बाबा घरात असतानाच कर.

मितेश