खांद्यावरचा वळ

रविवार, संध्याकाळ. पेण, घरी.

आले एकदाची. उजवा खांदा ठणकतोय, तरी आरशात पुन्हा पुन्हा बघतेय. सायकलच्या दांडीचा निळा वळ चांगलाच उठलाय.

राष्ट्रीय माउंटन बाईक स्पर्धेत अकरावी! गेल्या वर्षी पुढच्या मुलींनी अख्खी एक फेरी जास्त मारून मला मागून गाठलं आणि पंचांनी मध्येच बाहेर काढलं. केवढी रडले होते.

या वेळी रात्रभर पाऊस झाला होता. शेवटच्या फेरीत चढावर नुसता चिखल. पुढच्या मुली सायकली ढकलत होत्या आणि चाकं चिखलाने भरून फिरतच नव्हती. पण आमच्या खाडीकाठच्या खारबांधावर चिखलात सायकल ढकलतं का कुणी? उचलली, खांद्यावर टाकली आणि पळत सुटले. शाळेत अशीच तर जायचे! चौघींना तिथेच मागे टाकलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "अकरावी? मंग पयल्या धा कोन?" मला रागच आला. आणि पाच मिनिटांनी हीच बाई शेजारच्या काकूंना ओरडून सांगतेय, "देशात अकरावी आली गो!"

मिठागरावर कावड वाहून बाबांच्या खांद्याला घट्टा पडलाय. जेवताना त्यांनी माझा वळ अंगठ्याने हळूच दाबून पाहिला.

"दोन दिसांत जाईल ह्यो."

जाईल कसा? उद्या सकाळी परत बांधावर सायकल उचलतेय.