गच्चीवरची ओली गोधडी

मंगळवार, दिवेलागण

सगळ्यांत आधी चितेगावची नणंद टपकली. चहाच्या आधी गच्चीवर जाऊन गोधडी चाचपली. "वहिनी, ताप गेला म्हणतीस, मग ही ओली कशानं? अंथरुणात होतंय व्हय?"

मेली! म्हणलं, "तांब्या लवंडला." रातच्याला घामानं भिजते, हे हिला कशाला सांगू?

मग सून आली, हर्सूलच्या माहेराहून, लेकराला डोस द्यायला निघालेली. नात लई गोड, टुकूटुकू बघती! दोन महिन्यांची झाली, मी अजून मांडीवर घेतली नाय. हात पुढं केले तर सून उंबऱ्यातच थांबली. "आत्या, अजून घाम येतो ना?"

हिला कुणी सांगितलं? नणंद बशीत तोंड घालून बसलेली. तिनंच फोन केला असंल. का गोधडीच दिसली रस्त्यावरून?

"येतो," म्हणलं.

"मग डॉक्टरला दाखवा. घाम थांबला की मांडीवर देते."

गोधडी आतल्या खोलीत वाळवली तर कुणाला कळतंय? पण लेकराला काय झालं तर? नाय, उद्या सकाळीच दवाखान्यात जाते. गोधडी राहू दे गच्चीवरच.

दोघी रविवारी येतो म्हणल्यात.