छोट्या बोटीतली खुर्ची

३ मार्च, सोमवार

एकोणीस! एका दुपारी माणसांसकट एकोणीस चाकाच्या खुर्च्या जहाजावर चढवल्या आणि एकाच्याही पायाला साधं खरचटलं नाही.

त्यात आज भरती. भरतीला जहाज वर उचललं जातं आणि चढायचा पूल अगदी अंगावर येतो. पैलवान – खुर्च्या ढकलणाऱ्या आम्हा चौघांतला सगळ्यात आडदांड – म्हणाला, "ताई, आज पाठीचा भुगा." झाला नाही. वजन पाठीवर नाही, मांड्यांवर घ्यायचं, हे त्याला मीच शिकवलंय. इस्पितळात बारा वर्षं वॉर्डातली मावशी होते, ती काय उगाच? तिथे माणसांना तपासायला न्यायचे. इथे फिरायला नेते. ढकलणं तेच, पण खुर्चीतला चेहरा किती वेगळा!

एका बाईंनी मात्र सगळ्यांसमोर झापलं. सत्तरीच्या असतील, केस बारीक कापलेले, खांदे हे एवढे रुंद. एकट्याच आलेल्या. मी नेहमीसारखी मागून गेले आणि खुर्चीच्या मुठी धरल्या. मान न वळवता म्हणाल्या, "कोणी सांगितलं?"

"तुम्हाला वर न्यायचंय ना, बाई?"

"न्यायचंय. पण ही खुर्ची म्हणजे माझं अंग आहे. तुमचा खांदा कोणी न विचारता धरला तर चालेल?"

अख्खी रांग बघतेय! माझे कान तापले. म्हटलं, "धरू का?"

"धरा."

तेव्हा भयंकर राग आला होता. आता लिहिताना वाटतंय – बोलल्या ते खरंच आहे. इस्पितळातली बारा अधिक जहाजावरची सहा, अठरा वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

त्याच बाईंच्या खोलीतून सकाळी फोन. न्हाणीघराच्या दाराला दोन बोटं उंचीचा उंबरा, खुर्चीची पुढची चाकं अडतात. खोली "खुर्चीवाल्यांसाठी खास" म्हणून दिलेली! सुतारमामांना धरून आणलं. मामा म्हणाले, उद्या बघू. मी म्हटलं, मामा, उद्यापर्यंत त्यांनी आंघोळ थांबवायची का? तासाभरात लाकडाची उतरती पाचर ठोकून झाली. बाईंनी चार वेळा आत-बाहेर करून पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या.

पोहण्याच्या कोच होत्या! एकतीस वर्षं. पोरं तयार केली, स्पर्धा जिंकवल्या. बारा वर्षांपूर्वी पडल्या आणि कमरेखालचं सगळं गेलं. "जन्मभर ओल्या फरशीवर वावरले, कधी पाय घसरला नाही. आणि घरच्या कोरड्या जिन्यावरून पडले!" – असं सांगून स्वतःच खो खो हसल्या. मला हसावं की नाही कळेना.

रविवारी आम्ही ज्या बेटाला थांबणार, तिथल्या खाडीत त्या चोविसाव्या वर्षी शर्यत जिंकल्या होत्या. ही सहल घेतली ती त्या एका थांब्यासाठी. "बाकीची बंदरं तुमची तुम्ही बघा. मला फक्त त्या पाण्यात उतरायचंय. एकदा पाण्यात पोचवा, पुढे मला कोणाची गरज नाही."

मी "हो हो" करून बाहेर आले. बेटाला धक्का नाही. जहाज लांब उभं राहतं, माणसं छोट्या बोटीने जातात. आणि छोट्या बोटीचा नियम ठरलेला – ज्याला स्वतःच्या पायांनी दोन पावलं टाकता येतात, त्यालाच प्रवेश.

५ मार्च, बुधवार

सांगायचं धाडस झालं नाही. जेवणघरात त्या डावीकडे, तर मी उजवीकडे. भित्री कुठची!

६ मार्च, गुरुवार

सांगितलं. डेकवर, वारा होता, दोनदा सांगावं लागलं. एकदा सांगणं कठीण, त्यात दोनदा!

रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "पैसे भरताना विचारलं होतं मी. सगळी मदत मिळेल, असं म्हणाली तिकीट देणारी मुलगी." मग खुर्ची पाण्याकडे वळवली. "ठीक आहे. दुर्बीण असेल तर द्या एखादी."

त्या दुर्बिणीने माझं डोकं फिरलं. तशीच उठून चीफसाहेबांकडे गेले. कप्तानाच्या खालोखाल तेच. बोटी, दोर, दारं, सगळं त्यांच्या हुकमाखाली. माणूस वाईट नाही, पण नियम म्हणजे नियम. त्यांच्या टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असतात.

"नाही," म्हणाले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत.

"साहेब, बाई पोहण्याच्या कोच आहेत."

"पाण्याची भीती नाही मला. जहाज आणि बोट यांच्यामधली फट असते ना, तिची आहे. एका खलाशाचा हात गेलाय तिथे. माझ्या डोळ्यांदेखत."

पण पाय निघेना. म्हटलं, "धडधाकट माणसाला तुमचे दोन खलाशी दंड धरून उतरवतात. आम्ही चौघं आहोत. समुद्र शांत असेल तेव्हाच. आधी तालीम करून दाखवतो. पटलं नाही तर परत तोंड दाखवणार नाही."

बराच वेळ एक पेन्सिल सरळ करत राहिले. ती आधीच सरळ होती! "शनिवारी बंदरात बोटींची कवायत आहे. दाखवा. वचन मात्र देत नाही."

जिना उतरले कशी – राणीसारखी!

७ मार्च, शुक्रवार

तळमजल्याच्या बोळात तालीम. दोन बाकं, मधे खडूची रेघ – ती फट. खुर्चीत बटाट्यांची दोन पोती. पहिल्या खेपेला आमची हसरी (चौघांतली सगळ्यात लहान, संकटातही हिचे दात दिसतात) "तीन"वर उचलायचं ते "दोन"वर उचलून बसली आणि बटाटे बोळभर! स्वयंपाकघराचा मुकादम धावत आला. त्याला वाटलं, आम्ही चोरी करतोय.

अकराव्या खेपेला जमलं. खुर्ची रिकामी आधी पार करायची, माणूस नंतर. दोघं जहाजावर, दोघं बोटीत. एक जण बगलेखाली, एक जण मांड्यांखाली. मोजणार एकटी मी. बाकीच्यांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

आईचा फोन आला. तिचं नेहमीचंच – "एवढी समुद्रावर गेलीस आणि काम काय, तर खुर्च्या ढकलायचं." आज मला रागच आला नाही. म्हटलं, आई, सोमवारी फोन कर, मग सांगते काय काम करते ते.

८ मार्च, शनिवार

हे नीट लिहून ठेवायला हवं!

कवायत सुरू झाली. बोट खाली सोडली, बाजूचं दार उघडलं. आम्ही बटाटे घेऊन हजर. चीफसाहेब हातावर हात बांधून उभे. पोती पलीकडे, पोती अलीकडे. तीनदा. एक बटाटा हलला नाही.

"बटाटे घाबरत नाहीत," साहेब म्हणाले. "माणूस घाबरला की हातपाय झाडतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तुम्ही बसा ना, साहेब."

पैलवानाने आकाशाकडे बघायला सुरुवात केली. वाटलं, संपलं, आता सामान बांधायचं.

साहेबांनी टोपी काढली, शेजारच्या खलाशाच्या हातात दिली आणि खुर्चीत बसले! पांढऱ्याशुभ्र गणवेशात. मी समोर गेले. "साहेब, हात लावू?" त्यांनी चमकून बघितलं. "लावा."

एक, दोन, तीन. फटीच्या बरोबर वर असताना माझ्या मनगटावरची त्यांची पकड अशी घट्ट झाली की अजून वळ आहे. डोळे मिटलेले. मग बोटीत, बाकावर, अलगद.

डोळे उघडून म्हणाले, "पुन्हा."

तीन वेळा नेलं, तीन वेळा आणलं. शेवटच्या खेपेला डोळे उघडे होते. टोपी घालताना म्हणाले, "उद्या लाट गुडघ्याच्या खाली असेल तर. लाट इंचभर वर गेली तरी नाही. आणि हुकूम माझा असेल, तुमचा नाही."

"हो साहेब!"

कोचबाईंना सांगायला धावतच गेले. त्यांनी कपाट उघडून पोहण्याचा निळा पोशाख काढला आणि मांडीवर घेऊन बसल्या. पोशाखावर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच होती.

९ मार्च, रविवार

गेलो! उतरवलं! पोहल्या!

उजाडताच मी दारात. पाणी कसं, तर ताटात ठेवल्यासारखं. साहेब स्वतः काठी घेऊन लाट मोजत होते. तीनदा मोजली. मग नुसती मान हलवली.

बाई फटीवर आल्या तेव्हा खाली बघत होत्या – मुद्दाम. "किती खोल आहे हो इथे?" विचारतात! मोजणं चुकेल म्हणून मी उत्तरच दिलं नाही. एक, दोन, तीन आणि बसल्या बोटीत. बोटीतले बाकीचे प्रवासी टाळ्या वाजवायला लागले, तर बाई फटकन म्हणाल्या, "अजून काही झालेलं नाही. टाळ्या राखून ठेवा."

किनाऱ्यावर नवीनच पंचाईत. खुर्चीची चाकं वाळूत वीतभर रुतली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! पण हसरीने, देव तिचं भलं करो, व्यायामशाळेतल्या तीन रबरी चटया न विचारताच बोटीत टाकल्या होत्या. एक पुढे, खुर्ची तिच्यावर, मागची उचलून पुन्हा पुढे. पन्नास पावलांना अर्धा तास लागला. घाम डोळ्यांत जात होता. बाई मधेमधे हुकूम सोडत होत्या, "सरळ! सरळ टाका! डोळे आहेत ना?"

पाण्यात पैलवानाने उचलून नेलं. कमरेइतक्या पाण्यात मी एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला. बाईंचे हात माझ्या गळ्यात. त्यांचं हृदय धडधडत होतं, मला ऐकू येत होतं.

"सोडा," म्हणाल्या.

मला सोडवेना. अठरा वर्षं मी माणसं धरायलाच शिकले. सोडायचं कसं, ते कोणी शिकवलंच नाही.

"अहो, सोडा म्हणते ना!"

सोडलं. एक क्षण खाली गेल्या, माझा जीव गेला! आणि मग वर. उताण्या. हात मागे, एक, मग दुसरा, सावकाश. आवाज नाही, पाणी उडणं नाही. पाय नुसते मागून येत होते, पाण्याने उचलून धरलेले. खडकापर्यंत गेल्या आणि वळून परत आल्या. पैलवान मागे मागे पोहत होता, तर त्यालाच ओरडा – "हात असा मारतोयस जणू कणीक तिंबतोयस! कोपर वर!" आणि तो एवढा दांडगा माणूस निमूटपणे कोपर वर करून पोहायला लागला.

मी कमरेइतक्या पाण्यात उभी होते, गणवेशासकट भिजलेली. कोणी विचारलं असतं ना, जगातलं सगळ्यात मोठं काम कुठलं, तर मी म्हटलं असतं – हे. माझं.

परत चढवताना साहेब दारात होते. बाईंनी त्यांना सलाम ठोकला. ओल्या हाताने. साहेबांच्या बाहीवर पाणी उडालं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

१० मार्च, सोमवार

हात वर होत नाहीत. केस हसरीने विंचरून दिले. आईला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, "वाळूत चटया टाकल्यात? हुशार गं." माझी आई! हुशार म्हणाली!

१२ मार्च, बुधवार

बाई उतरल्या. पुलावर मी विचारलं, "धरू का?" तर म्हणाल्या, "आता काय विचारतेस?" – अगं-तुगंवर आल्या!

जाण्याआधी मुख्य कचेरीला पत्र लिहून दिलं. चांगलं दोन पानं भरून. मीच म्हटलं होतं, बाई, सगळं लिहा, बारीकसारीक लिहा, वरच्यांना कळू दे आम्ही काय करू शकतो ते. बोट, फट, चटया, सगळं आलंय त्यात. मी पत्राचा फोटो काढून आईला पाठवला. तिने म्हणे शेजारच्या चार घरांत वाचून दाखवला.

पैलवान आजपासून रोज कोपर वर करून पोहायचा सराव करणार आहे. बघू किती दिवस टिकतो!

२० मार्च, गुरुवार

चीफसाहेबांना जहाजावरून काढलं.

बाईंचं पत्र कचेरीत पोचलं आणि कोणीतरी नियमांचं पुस्तक उघडलं. चौकशीत साहेबांनी एकच उत्तर दिलं म्हणे – "सगळं माझ्या डोक्यातून निघालं. बाकीच्यांनी हुकूम पाळला." आम्हा चौघांचं नावसुद्धा घेतलं नाही. सकाळी बॅग घेऊन उतरले. मी मागे धावले, तर विचारतात, "पुढच्या फेरीला खुर्च्या किती?" म्हटलं, बावीस. "मग इथे काय करताय? वर जा."

पैलवान म्हणतो, ताई, गप्प बस, तुझीही नोकरी जाईल.

कागद घेतलाय. कचेरीचा पत्ता घातलाय. पहिली ओळ लिहून झाली – "छोट्या बोटीत खुर्ची न्यायची कल्पना माझी होती."